सावलीसाठी कुणी धावलं नाही

त्या राज्यात एका वेळी एकच हवा असे, आणि ती कोणती असावी हे राज्यातल्या कुणाच्याही हातात नव्हतं. गावाच्या वरच्या अंगाला एक उंच भिंत होती. भिंतीत एक झरोका होता. झरोक्यात जो उभा असेल त्याची हवा खाली सगळीकडे पसरे.

झरोक्यात उभे राहणारे चौघे होते: सावली, ऊन, वारा आणि धुकं. झरोक्याखाली त्यांचे चार खण होते, एकाखाली एक, आणि खणांवर जाड कापडाची घडी असे. घडी मिटलेली असली म्हणजे बाहेरून फक्त झरोका दिसे आणि त्यात उभा असलेला एकजण. बाकीचे आत अंधारात बसून असत.

अधूनमधून वरून एक हात येई. तो कुणाचा हे कोणाला ठाऊक नव्हतं, कारण दिसायचं ते एक बोट तेवढं. बोट लागलं की घडी सरसर उलगडे आणि चारही खण उघडे पडत. झरोक्यात उभा असलेलाही तेवढ्यापुरता खाली आपल्या खणात येऊन उभा राही, कारण हाताला चौघेही दिसायला हवेत असा नियम होता. बोट त्यांच्यावरून खाली-वर फिरे. ज्याच्यावरून जाई तो क्षणभर उजळून निघे. शेवटी ते एकावर टेके, घडी पुन्हा मिटे आणि झरोक्यातून खाली आलेला आपोआप परत वर जाई. हात कधी काही बोलला नाही.

बोलण्याचं काम चाहूलचं होतं. ती झरोक्याशेजारच्या पायरीवर बसलेली असे. तिला डोळे नव्हते, पण झरोक्यातली निवड बदलली की तिच्या कानांना ते लगेच कळे. मग ती उठे आणि दोन निरोप देई. पहिला झरोक्यात असलेल्याला: “उतर.” दुसरा नव्याने निवडलेल्याला: “चढ.” एवढं झालं की ती पायऱ्या उतरून गावात धावत जाई आणि दारोदार सांगत सुटे, ऊन आलं, पापड वाळत घाला; वारा आला, मळलेलं धान्य उफणून घ्या; धुकं आलं, गुरं लांब सोडू नका. दोन निरोपांच्या मध्ये झरोका रिकामा राही, पण चाहूल इतकी चपळ होती की गावाला त्याचा पत्ता लागत नसे.

कधीकधी ते राज्य मिटायचं, डोळा मिटावा तसं. सगळं जिथल्या तिथे थांबायचं. ते परत उघडायचं तेव्हा झरोक्यात नेहमी सावली असायची. आधी कोण उभं होतं याला काही महत्त्व नव्हतं. राज्य उघडलं की पहिली सावलीच.

त्यामुळे सावलीचं आयुष्य इतर तिघांहून वेगळं झालं होतं. राज्य उघडल्यावर ती झरोक्यात असायचीच, मग केव्हातरी हात येई, दुसऱ्या कुणावर टेके, आणि चाहूल तिला सांगायला येई, “उतर.” त्यानंतर ऊन, वारा, धुकं यांच्यात अदलाबदल चाले, आणि सावलीची पाळी परत यायच्या आत राज्य मिटे. चाहूलच्या तोंडचा पहिला निरोप सावलीला पाठ होता. दुसरा तिने घडीच्या आतून ऐकला होता, दुसऱ्यांना दिलेला.

हे तिच्या फार दिवस ध्यानात आलं नव्हतं. ध्यानात आणून दिलं ते वाऱ्याने.

वारा वाईट नव्हता, पण त्याला गप्प बसवत नसे. यावेळी राज्य उघडून बरेच दिवस झाले होते आणि हात काही आला नव्हता. खणात बसून बसून तो कंटाळला होता. “ऊन,” तो म्हणाला, “तुला पहिल्यांदा निवडलं तो दिवस आठवतो का?”

“न आठवायला काय झालं,” ऊन म्हणालं. “चाहूल आली, म्हणाली चढ. अंगावर काटा आला होता.”

“माझा तर चढताना पाय घसरला होता,” धुकं हळूच म्हणालं. ते स्वभावाने संकोची होतं आणि स्वतःबद्दल क्वचितच बोले.

“सावलीबाई, तुमचं काय?” वाऱ्याने वर बघत विचारलं. “तुमच्यासाठी चाहूल कधी धावली?”

सावलीने आठवून पाहिलं. ती झरोक्यात उभी होती आणि तिच्याखाली गावात नेहमीचं काम चाललं होतं. भिवरा कुंभारीण अंगणात कच्ची मडकी ओळीने मांडत होती. तिचं तान्हं बाभळीला बांधलेल्या झोळीत निजलं होतं. ओढ्यावर गेनू परीट कपडे पिळत होता आणि वर बघून कुरकुरत होता, कारण सावलीत त्याचे कपडे लवकर वाळत नसत.

“मी इथे असतेच,” सावली म्हणाली.

“तेच म्हणतो मी,” वारा म्हणाला. “असणं वेगळं आणि निवडलं जाणं वेगळं. तुम्ही रांगेत पहिल्या आहात म्हणून तिथे आहात. कुणीतरी तिथे असायला हवं ना.”

तो हे खिजवायला बोलला नव्हता. त्याला ते खरंच तसं वाटत होतं, आणि म्हणूनच ते सावलीला लागलं. त्या दिवसानंतर ती झरोक्यात उभी राही, पण खाली गावाकडे न पाहता वर पाही.

हात आला तो एका दुपारी. घडी उलगडली आणि सावली खाली येऊन आपल्या खणात उभी राहिली. बोट उन्हावरून गेलं, ऊन उजळलं. वाऱ्यावरून गेलं. धुक्यापर्यंत जाऊन तिथे जरा घुटमळलं. मग ते सगळ्यांवरून मागे फिरलं, वर आलं आणि सावलीवर टेकलं. घडी मिटली. सावली परत झरोक्यात होती.

ती चाहूलची वाट पाहत राहिली. पायरीवरून पावलं वाजतील, मग तो शब्द येईल, असं तिला वाटत होतं. पण चाहूल हलली नाही. गावातही कुणी मान वर केली नाही. भिवराने एक मडकं उचलून बोटाने त्याची कड तपासली आणि परत ठेवलं.

“बोट माझ्यावर टेकलं होतं,” सावली खणांकडे वाकून म्हणाली.

“टेकलं की वरून गेलं?” उन्हाने विचारलं.

“टेकलं.”

“काही पसंत पडलं नाही की ते तसंच परत जातं,” वारा म्हणाला. “जाताना वाटेत तुमचा खण लागतो. निवडलं असतं तर चाहूल आली नसती का?”

धुकं काहीतरी सांगणार होतं. ते सावलीच्या खणापासून सर्वांत लांब होतं आणि त्याला नीट दिसलं नव्हतं, म्हणून ते गप्प राहिलं.

मग झरोक्याच्या कडेला सरकून सावलीने चाहूललाच विचारलं.

“चाहूल, मघाशी हात आला होता.”

“घडीचा आवाज आला मला.”

“बोट माझ्यावर टेकलं. तू उठली का नाहीस?”

चाहूलने मान तिरकी करून विचार केला. “झरोक्यात आधी कोण होतं?”

“मी.”

“आणि आता?”

“मीच.”

“मग मला काय ऐकू येणार बाई?” चाहूल म्हणाली. “काही बदललं तर माझ्या कानात वाजतं. नाही बदललं तर नाही वाजत. मला असंच बसवलेलं आहे.”

“म्हणजे बोट खरंच टेकलं की नुसतं वरून गेलं, हे तू सांगू शकत नाहीस.”

“नाही.”

“आणि तू सांगितलं नाहीस तर दुसरं कोण सांगणार?”

चाहूल आजवर धावत आली होती आणि ज्याला निरोप दिला त्याच्या आवाजात तिने आनंद ऐकला होता. सावलीच्या आवाजात तिने तो कधीच ऐकला नव्हता, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा जाणवलं आणि ओशाळल्यासारखं झालं.

“एकदा माझ्यासाठी धाव,” सावली म्हणाली. “एकदाच. गावात नको जाऊस. फक्त इथे येऊन मला म्हण.”

“बोटाने बदल केल्याशिवाय मी कधी उठलेली नाही.”

“माहीत आहे मला.”

चाहूल बराच वेळ पायरीवर बोटं फिरवत राहिली. मग उठली. तिला काम एकाच रीतीने येत होतं: आधी पहिला निरोप, मग दुसरा. ती झरोक्यापाशी आली आणि म्हणाली, “उतर.”

सावली उतरली. झरोका रिकामा झाला.

चाहूलने दुसऱ्या निरोपासाठी तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. “चढ” हा शब्द तिचा नव्हता; तो दरवेळी बोटामागून यायचा, आणि यावेळी मागे बोट नव्हतं. तिने पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. सावली आपल्या खणात उभी राहून त्या शब्दाची वाट पाहत होती.

खाली गावात आता कोणतीच हवा नव्हती. अंधार पडला नाही. उजेड होता, पण तो कुठून येतो ते कळत नव्हतं आणि कशाच्याही खाली पडछाया नव्हती. भिवराची मडकी ओली होती तशीच ओली राहिली. गेनूने पिळून दोरीवर टाकलेल्या धोतराच्या टोकाला एक थेंब लोंबत होता, तो ना खाली पडे ना वाळे. माणसं थोडा वेळ आपापलं काम करत राहिली. मग एकेक करून हात थांबले.

भिवराने झोळीत पाहिलं. तान्ह्याचे डोळे उघडे होते. ते रडत नव्हतं, निजतही नव्हतं. तिने त्याला छातीशी घेतलं तर ते दूध ओढेना. तिने त्याचे तळवे चोळले, नाव घेऊन हाक मारली. ते नुसतं बघत राहिलं. तेव्हा ती त्याला कडेवर घेऊन भिंतीच्या पायऱ्या चढू लागली. तिला पाहून गेनू निघाला, आणि त्याच्यामागून बाकीचे.

वर आल्यावर त्यांना रिकामा झरोका दिसला.

आत ऊन आणि वारा दोघेही चढायला धडपडत होते. त्यांना वाटत होतं, आपण वेळेवर उभे राहिलो तर सगळं मार्गी लागेल. पण निरोपाशिवाय झरोक्याची कड कुणाच्या हाताला लागत नव्हती. ते पुन्हा पुन्हा घसरून आपापल्या खणात पडत होते.

“काय झालंय?” गेनूने चाहूलला विचारलं. “तू खाली का आली नाहीस सांगायला?”

“सांगायला काही नाही,” चाहूल म्हणाली. “कुणी आलेलंच नाही.”

“माझं लेकरू दूध पीत नाही,” भिवरा म्हणाली. तिने त्याला झरोक्यापुढे धरलं. “काल होतं तसं करा. काल सगळं बरं होतं.”

“काल काय होतं?” मागून कुणीतरी विचारलं.

भिवराने आठवायचा प्रयत्न केला. “काल काही नव्हतं,” ती म्हणाली. “ऊन नव्हतं, वारा नव्हता. साधा दिवस होता.”

“काल सावली होती,” गेनू म्हणाला. “मला माहीत आहे. माझे कपडे वाळले नव्हते.”

“ती सावली होती होय?” भिवरा म्हणाली. “मला वाटलं, दिवस असाच असतो.”

हे बोलणं मिटल्या घडीतून सावलीला ऐकू आलं. तिने गेनूचे शब्दही ऐकले आणि भिवराचेही. तिला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण ते तान्हं तिने रोज झरोक्यातून पाहिलं होतं. तिने हात वर करून कड धरायचा प्रयत्न केला. तिलाही ती लागली नाही.

लोक हाताची वाट पाहत थांबले. हात आला नाही. आली ती मांडणारी.

झरोका, खण, घडी, पायरी, हे सगळं मुळात कुणीतरी मांडलेलं आहे असं गावात म्हणत, पण मांडणाऱ्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. भिंतीच्या मागच्या अंगाला एक दार होतं, तेही कुणाला माहीत नव्हतं. त्या दारातून पदर खोचलेली एक मध्यमवयीन बाई आत आली. तिच्या हातांना चुना लागलेला होता. तिने रिकाम्या झरोक्याकडे पाहिलं, खणांकडे पाहिलं, आणि चाहूलशेजारी पायरीवर बसली.

“कशाने झालं?”

“मी बोट नसताना उठले,” चाहूल म्हणाली. “पहिला निरोप दिला. दुसरा देता येईना.”

“मीच सांगितलं होतं तिला उठायला,” सावली आतून म्हणाली.

मांडणारीने भिवराला जवळ बोलावलं, तान्ह्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि मग उठली. “पहिल्यापासून मांडावं लागेल,” ती म्हणाली. “खाली जा सगळे. याला झोळीत ठेव आणि मडक्यांपाशी थांब. मला वरून तुम्ही दिसायला हवेत.”

लोक गेल्यावर तिने आधी चाहूलचे दोन्ही कान अलगद काढले आणि पदरात बांधले.

“हे कशाला?” वाऱ्याने विचारलं.

“मांडताना मी तुम्हाला दहादा वर-खाली करणार. तेवढ्या वेळा ही धावत सुटली तर गाव वेडं होईल. हिला नेहमी शेवटी बसवायचं असतं.”

मग तिने घडी उलगडली. तिला निरोपाची गरज नव्हती. ती हाताने उचलून ठेवी. पहिल्यांदा तिने उन्हाला झरोक्यात उभं केलं आणि स्वतः कडेला राहून खाली पाहू लागली. गाव झळाळलं. गेनूच्या दोरीवरचा थेंब पडला आणि धोतर फडफडीत वाळलं. पण भिवराच्या ओल्या मडक्यांच्या कडांना तडे जाऊ लागले, आणि झोळीतलं तान्हं किंचाळलं.

“छान आहेस,” मांडणारी उन्हाला म्हणाली. “पण उघडल्या उघडल्या नको.” तिने त्याला खणात परत ठेवलं.

वाऱ्याला ठेवलं तेव्हा झोळी गरगर फिरली आणि भिवराने धावत येऊन ती धरली. धुक्याला ठेवलं तेव्हा सगळं शांत झालं, पण मांडणारीला खालचं काहीच दिसेना, आणि धुक्यातून भिवरा पोराला शोधत हाका मारताना ऐकू आली. धुकं आपणहून म्हणालं, “मला काढा बाई.” तिने काढलं.

सावली खणाच्या कोपऱ्यात अंग चोरून उभी होती. मांडणारीचे हात तिच्याकडे आले तेव्हा ती मागे सरली. “माझ्यामुळेच हे झालं,” ती म्हणाली. “यांच्यातलंच कुणीतरी ठेवा. मी रांगेत आहे म्हणून मला उचलू नका.”

“रांग कुणी लावली?” मांडणारी म्हणाली, आणि मनगट धरून तिला वर घेतलं.

सावली झरोक्यात उभी राहिली. मांडणारीने लगेच खाली पाहिलं नाही. तिने सावलीला जरा डावीकडे सरकवलं, मग किंचित मागे घेतलं. मग ती कडेला टेकली आणि बघत राहिली. बाभळीखाली पडछाया आली. मडकी हळूहळू, एकसारखी सुकू लागली. भिवराने झोळीत हात घातला आणि तान्ह्याला उचलून पदराखाली घेतलं. थोड्या वेळाने तिची मान खाली झुकली आणि खांदे सैल झाले. ते दूध पीत होतं. ओढ्यावर गेनू वर पाहून काहीतरी पुटपुटला आणि त्याने राहिलेले कपडे आपटायला घेतले.

ऊन, वारा किंवा धुकं उभं असताना मांडणारी एवढा वेळ खाली बघत राहिली नव्हती. तिने हात झटकले.

“पहिल्यांदा मांडलं तेव्हाही असंच केलं होतं का?” सावलीने विचारलं. “चौघांना उभं करून?”

“हो. तेव्हा मला जास्त वेळ लागला होता,” मांडणारी म्हणाली. “तान्हं दुसरं होतं.”

तिने घडी मिटली. मग पायरीवर बसून पदराची गाठ सोडली, कान फुंकून साफ केले आणि चाहूलला एकेक करून नीट लावले. मागच्या दाराने ती गेली तेव्हा दार कुठे होतं तेही दिसलं नाही.

चाहूलने दोन-तीनदा मान हलवून कान बसल्याची खात्री केली.

“झालं मांडून?” तिने विचारलं. “बाई गेल्या?”

“गेल्या.”

“मला काहीच ऐकू आलं नाही. झरोक्यात कोण आहे?”

“मी आहे,” सावली म्हणाली.

चाहूलने कानोसा घेतला. काही बदललेलं नव्हतं. म्हणून कुठे धावायचं नव्हतं. ती पायरीवर मांडी घालून बसली, आणि तिच्या शेजारी सावली खाली वाकून एका मडक्याची कड सुकताना पाहू लागली.